गडी कुणाचा?



या सदरात आम्ही बहुधा मुलांच्या शिक्षणाबद्दल, लग्नातल्या खर्चाबद्दल, घरातल्या कुरबुरींबद्दल लिहितो. आज कबड्डीबद्दल लिहिणार आहोत. खेळाचे नाव वाचून मायबहिणींनी पान उलटू नये. हा विषय शेवटी घरातच येऊन थांबतो.

२०२५ सालच्या जूनचा आरंभ होता. वणीच्या आमच्या वस्तीत संध्याकाळी विहाराजवळच्या ओट्यावर पोरे बसतात. कुणी टोमॅटोच्या खळ्यावरून आलेला असतो, कुणी द्राक्षबागेतून, कुणी कंपनीची पाळी संपवून. त्या दिवशी आम्ही तिथून चाललो होतो, तर सहा-सात जण एकाच मोबाइलभोवती माना खाली घालून बसलेले. आम्हाला पाहून एक जण म्हणाला, "नाना, गेला आपला गडी!"

आमच्या छातीत धस्स झाले. वस्तीत कोण आजारी होते, ते आम्ही मनातल्या मनात आठवू लागलो. मग कळले की गेला म्हणजे बेंगळुरूला गेला. प्रो कबड्डीच्या लिलावात आकाश शिंदेला बेंगळुरू बुल्सने सुमारे ५३ लाख रुपयांना घेतले होते. पुणेरी पलटणने त्याला सोडले होते.

आकाश शिंदे हा आपल्या नाशिकचा. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई खेळांत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक घेतले, त्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले, त्या संघातही तो होता. नाशिकचा मुलगा आणि पुण्याचा संघ, म्हणजे दुधात साखर. आमच्या पोरांनी पुण्याचा संघ आपला मानला तो प्रामुख्याने या मुलामुळे. आता मुलगा एकीकडे आणि संघ दुसरीकडे. मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

आम्ही हसलो नाही. दिवसभर वीस-वीस किलोचे क्रेट उचलणाऱ्या पोराला रात्रीचा एक तास कुणाला तरी "आपला" म्हणावेसे वाटते. त्यात हसण्यासारखे काही नाही.

ज्यांना या लिलावाची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता आणि त्याची बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ साली इराणचा फझल अत्राचली एक कोटीला गेला. २०२५ साली प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला ५ कोटींची मर्यादा होती. हंगामाआधी संघ काही खेळाडू स्वतःकडे राखतो, बाकीच्यांना मोकळे करतो. मोकळे झालेले लिलावात उभे राहतात. २०२५ साली त्यांची चार वर्गांत विभागणी झाली आणि बोली ३०, २०, १३ किंवा ९ लाखांपासून सुरू झाली. जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून आपला खेळाडू परत घेण्याचीही एक सोय ठेवलेली आहे. परंतु थैलीला तळ असतो. एकावर दोन कोटी खर्च केले, तर उरलेल्या तीन कोटींत सगळा संघ उभा करावा लागतो. म्हणून संघ चांगले गडीही सोडतात. घर चालवणाऱ्या बाईला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

तरी दुःख व्हायचे ते होतेच. त्या रात्री ओट्यावर जुन्या जखमांची उजळणी झाली. मुंबईचा चाहता असलेल्या एकाने सिद्धार्थ देसाईचे नाव काढले. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला हा मुलगा २०१८ साली यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तो तेलुगू टायटन्सकडे गेला, १ कोटी ४५ लाखांना. मग अर्जुन देशवाल आठवला. तोही २०१९ साली मुंबईकडून खेळला, २०२१ साली ९६ लाखांना जयपूरकडे गेला आणि २०२२ च्या डिसेंबरात मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात त्याच्या जयपूरने पुण्याला हरवून चषक नेला. पुढे २०२५ साली जयपूरलाही तो सोडावा लागला; तो तमिळ थलैवाजकडे गेला. म्हणजे ज्याच्यासाठी मुंबईकर हळहळले, त्याच्याचसाठी नंतर जयपूरचे लोक हळहळले.

पुण्याची जखम आणखी ओली आहे. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई पुण्याने २०२३ साली २ कोटी ३५ लाखांना घेतला. त्या हंगामात पकडींच्या गुणांत तो सर्वांच्या पुढे होता आणि पुणे विजेते झाले. विजेतेपदानंतर पुण्याने त्याला सोडले. २ कोटी ७ लाख देऊन हरियाणाने त्याला घेतले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाच विजेते झाले. सामना कुठे होता? पुण्यात, बालेवाडीला! घरच्या मांडवात येऊन सोडलेला पाहुणा आहेर घेऊन गेला, असे एक पोरगा म्हणाला आणि सगळे कडवट हसले.

आम्ही घरी आलो आणि जेवताना ही सारी कथा मुलांच्या आईला ऐकवली. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतली आणि विचारले, "त्या पोराला विचारलं का कुणी? त्याला कुठं जायचं होतं ते?"

आम्ही म्हणालो, "अगं, तसं विचारायचं नसतं. ज्याची बोली मोठी, त्याच्याकडं जायचं."

त्या म्हणाल्या, "म्हणजे पाडव्यासारखंच."

एवढे बोलून त्या गप्प झाल्या. आमचा मात्र घास थांबला. त्यांचे वडील सालगडी होते, आपल्या भागात सालदारही म्हणतात. पाडव्याला साल ठरायचे. यंदा याच्या मळ्यात, पुढच्या वर्षी त्याच्या. इतके धान्य, इतकी रोकड, दोन धोतरे, एक घोंगडी. मालक मालकाशी बोलायचा आणि गडी दूर बसून ऐकायचा. आम्ही आयुष्यभर कबड्डीच्या मैदानावर "गडी" हा शब्द उच्चारला. मैदानावरचा गडी आणि मळ्यावरचा गडी एकाच शब्दाने ओळखले जातात, हे आमच्या कधी ध्यानी आले नव्हते.

आता कुणी म्हणेल, ५३ लाखांचा खेळाडू आणि घोंगडीवर राबणारा सालगडी यांची तुलना कशी करता? ती करताच येणार नाही, हे आम्हालाही मान्य आहे. सालगड्याच्या मानेवर कर्ज होते, भूक होती, जात होती. खेळाडू स्वखुशीने लिलावात नाव देतो, करार वाचून सही करतो आणि त्या पैशात त्याच्या घराचे रूप पालटते. त्याला मिळणाऱ्या प्रत्येक रुपयाचा आम्हाला आनंद आहे. परंतु मुलांच्या आईचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. आम्ही सगळे "संघाने सोडला", "संघाने विकला", "आमचा होता" असे बोलत होतो. त्या बोलण्यात संघ होता, आम्ही होतो, रक्कम होती. ज्याच्याबद्दल बोलणे चालले होते त्याची इच्छा मात्र कुठेच नव्हती.

हा प्रश्न दूर अमेरिकेत एका माणसाने विचारला होता. तिथे बेसबॉल नावाचा खेळ आहे, क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा. चाहत्यांची हळहळ तिथे शंभर वर्षांची आहे. बोस्टनच्या संघाने बेब रूथ नावाचा अफाट खेळाडू न्यूयॉर्कला विकला. ते विकणे १९२० च्या जानेवारीत जाहीर झाले. बोस्टनने त्याआधी १९१८ साली विजेतेपद मिळवले होते, ते पुन्हा मिळाले थेट २००४ साली. शहरातले लोक त्याला शाप म्हणत. शापबिप आम्ही मानत नाही. मालकाने पैशासाठी चांगला खेळाडू विकला आणि पुढची कित्येक वर्षे संघ नीट बांधला नाही, एवढेच त्यातून दिसते.

परंतु आम्हाला सांगायचे आहे ते कर्ट फ्लड यांच्याविषयी. हे काळे खेळाडू सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम खेळले. १९६९ साली संघाने त्यांना न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. तेव्हाचा नियम असा होता की, एकदा एका संघाशी करार झाला की खेळाडू जन्मभर त्या संघाच्या मर्जीत. संघाने ठेवले तर राहायचे, दुसऱ्याला दिले तर जायचे, आणि जायचे नसेल तर खेळ सोडून घरी बसायचे. फ्लड यांना वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तरी २४ डिसेंबर १९६९ रोजी त्यांनी बेसबॉलच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवले की, इतकी वर्षे खेळल्यावर मी खरेदी-विक्रीची वस्तू आहे असे मला वाटत नाही.

ते न्यायालयात गेले. त्या वेळी मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला नाही. जुने खेळाडू आले, त्यांत जॅकी रॉबिन्सन होते. १९४७ साली मोठ्या संघांतली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडून मैदानात उतरलेले हेच ते रॉबिन्सन. त्यांनाही त्यांच्या ब्रुकलिनच्या संघाने १३ डिसेंबर १९५६ रोजी शेजारच्या प्रतिस्पर्धी संघाला देऊन टाकले होते. ती तारीख वाचून आम्ही क्षणभर थांबलो. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा सात दिवस झाले होते. रॉबिन्सन त्या संघाकडे गेले नाहीत, त्यांनी निवृत्ती घेतली.

फ्लड १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. त्यांचा खेळही संपला. परंतु १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या दाव्यात तो जन्मभराच्या बांधणुकीचा नियम मोडून पडला. त्यानंतर खेळाडूंना आपला संघ निवडता येऊ लागला. ज्यांनी दार ठोठावले त्यांना आत जाता आले नाही, मागून आलेल्यांसाठी ते उघडले. आपल्या लोकांना ही गोष्ट परकी वाटू नये.

आता आपल्याकडची एक जुनी गोष्ट सांगतो. तिच्यात किंमत नव्हती, बोली नव्हती, तरी गडी सोडला गेला. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या आणि पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन-चार रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखत आणि सरावाला चेंडू टाकत. त्यांची डावखुरी फिरकी पाहून हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चालायचा. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. आणि १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी त्यांना संघातूनच वगळले.

वय झाले होते, असे निवडणाऱ्यांच्या बाजूने म्हणता येईल. बाळू तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होते. परंतु त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी त्यातला खरा अर्थ ओळखला. दोघेही उत्तम खेळाडू होते, दोघांची जागा पक्की होती. मोठ्या भावाचा अपमान आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांना डावलणे, या दोन्हींचा निषेध म्हणून दोघांनी संघ सोडला. संघाने एकाला सोडले, तर दोघांनी संघाला सोडले. परिणाम असा झाला की अंतिम सामन्यासाठी तिघांनाही परत बोलावले गेले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

बाळू पुढे राजकारणात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. आपल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. म्हणून १९२० चा अन्याय अन्याय राहत नाही, असे थोडेच आहे? कर्तबगार माणसाला बाहेर ठेवणे आणि कर्तबगार माणसाला बांधून ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्याला न विचारताच होतात. बाळूंना जाऊ देताना कुणी विचारले नाही, फ्लडना पाठवताना कुणी विचारले नाही.

वाचकहो, इथवर आम्ही पुणे, मुंबई आणि अमेरिकेतल्या लोकांची झाडाझडती घेतली. आता आमची स्वतःची पाळी.

१९९६ सालची गोष्ट. आम्ही वस्तीतल्या क्रीडा मंडळाचे चिटणीस होतो. मंडळात एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. उजवीकडून चढाईला गेला की निदान रेषा ओलांडून असा हात मारायचा की समोरच्याला कळायचे सुद्धा नाही. वणीपासून दिंडोरीपर्यंत त्याचे नाव होते. नाशिकच्या एका कारखान्याच्या संघाने त्याला पाहिले आणि बोलावले. त्या काळी कारखान्याच्या संघात जागा मिळणे म्हणजे काय, ते आपल्या घरांना ठाऊक आहे. खेळ चांगला झाला तर नोकरी, नोकरी म्हणजे पगार, फंड, पोरांची शाळा. त्याला एकच कागद हवा होता. आमच्या मंडळाकडे त्याची नोंदणी होती, तेव्हा दुसरीकडून खेळायला आमचे ना-हरकत पत्र लागत होते.

तो कागद आम्ही दिला नाही.

नाही म्हणालो नाही. "तालुक्याची स्पर्धा होऊ दे, मग देतो," म्हणालो. तालुका झाला. "आता जिल्ह्याला आपला संघ गेलाय, आता कसा जातोस? ज्या मंडळानं तुला घडवलं त्याला अशा वेळी सोडतोस?" असे म्हणालो. त्याची आई आमच्या दारात दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी तिने हात जोडले होते. आम्ही तिला चहा पाजला आणि मंडळाच्या इज्जतीबद्दल दोन शब्द ऐकवले. आमच्या मनात कपट नव्हते. तो आपला गडी आहे, आपल्या वस्तीचे नाव त्याच्यामुळे आहे, तो गेला तर संघ मोडेल, असे आम्हाला मनापासून वाटत होते. दोन महिने गेले. कारखान्याच्या संघातली जागा भरली. पुढच्या वर्षी कारखान्याने भरतीच केली नाही.

त्या वर्षी तालुक्याची ढाल आम्ही जिंकली. ती आजही आमच्या कपाटावर आहे. पत्र्याला गंज चढला आहे, मंडळाचे नाव अर्धे पुसले आहे.

तो मुलगा आता पन्नाशीला आला. वणीच्या उपबाजारात टोमॅटोच्या हंगामात हमाली करतो, हंगाम नसेल तेव्हा मिळेल ते काम करतो. कष्टाचे खातो, व्यसन नाही, कुणापुढे मान खाली घालत नाही. वाटेत भेटला की "जयभीम नाना" म्हणतो. एकोणतीस वर्षे तो असे म्हणत आला आणि आम्ही उलट जयभीम घालून पुढे चालत आलो. मुलांच्या आईच्या त्या प्रश्नानंतर मात्र आम्हाला झोप लागेना. चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. गाडी भरून झाली होती, तो हातपाय धूत होता. आम्ही म्हणालो, "तुझा कागद आम्ही अडवला होता. चूक झाली."

तो थोडा वेळ टॉवेलने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "नाना, तेव्हा लई रडलो होतो. आईनं तर वर्षभर तुमच्या घरापुढून जायचं सोडलं होतं. आता त्याचं काय?" आम्हाला काही बोलता येईना. मग त्यानेच सांगितले, "माझी पोरगी खेळती. अकरावीला आहे. नाशिकला मॅटवर सराव असतो म्हणती. उद्या तिला कुणी बोलावलं, तर तिचा कागद अडवू नका. बाकी काही नको."

त्याने आम्हाला क्षमा केली असे आम्ही लिहिणार नाही, कारण तसे तो म्हणाला नाही. त्याने आमच्याकडे एक काम सोपवले.

ते काम आम्ही हाती घेतले आहे. मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला की, कोणत्याही मुलाला वा मुलीला दुसरीकडे खेळायची संधी आली, तर मागितल्यापासून आठ दिवसांत ना-हरकत पत्र द्यावे, आणि जाणाऱ्याला पहिल्या महिन्याचे बसभाडे मंडळाने द्यावे. वणीहून नाशिक चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रोजच्या सरावाला जायचे तर भाड्यातच मजुरी संपते. भाड्याचा मुद्दा सर्वांना पटला. पत्राच्या मुद्द्यावर दोन जुने सभासद अडून बसले आहेत. "असे सगळेच जाऊ लागले तर वस्तीचा संघ उरेल का?" असे ते विचारतात. त्यांचा राग आम्ही धरत नाही, कारण २९ वर्षांपूर्वी आम्ही शब्दन् शब्द हेच बोललो होतो. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, जो मुलगा आपण धरून ठेवला त्याच्यानंतर आपल्या मंडळात तसा दुसरा तयार झाला का? नाही झाला. पोरांनी पाहिले की इथे चांगले खेळून कुठेच जाता येत नाही, आणि त्यांनी चांगले खेळायचे सोडले. ठराव अजून मंजूर व्हायचा आहे. तो होईपर्यंत आम्ही बैठकीला जात राहू.

गावोगावच्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तुमच्या कपाटात असा एखादा कागद पडून असेल, तर आजच सही करून द्या. आणि आई-वडिलांनाही सांगणे आहे. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी, सरावासाठी, परीक्षेसाठी बाहेरगावी जायचे असेल, आणि आपण "तू गेलीस तर घरचे कोण करील?" असे म्हणून तिला थांबवत असू, तर आपणही एक ना-हरकत पत्र अडवून ठेवले आहे. त्या पत्रावर शिक्का नसतो एवढाच फरक.

आता पुन्हा ओट्यावर येऊ. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत अंतिम सामना झाला. पुणेरी पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. अवघे तीन गुण! ओट्यावर शांतता पसरली आणि मग अपेक्षेप्रमाणे एक जण बोललाच, "आकाश असता तर…"

कुणी त्याला अडवले नाही. चाहत्याला तेवढे म्हणण्याचा हक्क आहे. आम्ही फक्त विचारले, "बेंगळुरूकडून कसा खेळला रे आपला आकाश?" तेव्हा त्या सहा-सात जणांनी आम्हाला त्याच्या एकेका सामन्याची हकीकत सांगितली. सगळे सामने त्यांनी पाहिले होते. पुण्याचेही पाहिले होते आणि बेंगळुरूचेही.

पुढच्या अंकी भेटू. जयभीम.